पाइपलाइनवरची दोन भाषणं

बाई, तुम्हाला कधी पत्र लिहायची वेळच आली नाही. टावर चौक ओलांडला की तुमचं घर, आणि दार दिवसभर उघडं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे आणि मी कॉलेजातून रिटायर होऊन माधव नगरात बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक बोबडं बोलत होती, तुम्हाला "बाई" म्हणायच्या ऐवजी "माई" म्हणायची. तीच आता एवढी मोठी झाली आहे की तिच्या भीतीनं मला जेवण जात नाही. ह्यांना सांगायला गेले तर हे म्हणतात, "तू फालतू टेंशन घेते." पेपर वाचतात आणि वर मलाच म्हणतात, दोन दिवस टीव्ही बंद ठेव. मग कुणाशी बोलू? तुमच्याशी बोलते. तुम्ही निदान मधे बोलणार नाही, जे जिवंतपणी तुम्हाला कधी जमलं नाही.

तुमच्या माघारी काय काय झालं ते आधी सांगते. लेक इंजिनियर झाली, आणि शहरात एसीत बसायचं सोडून पार सीमेवरच्या डोंगरात जाऊन राहिली. पलीकडच्या देशातून आपल्याकडे तेलाची पाइपलाइन आणायची असं चाललं आहे. तिची कंपनी त्या लाइनीचा सर्व्हे करते. जंगलात पत्र्याच्या खोल्यांचा कँप, त्यात ही आणि तिच्यासारखी पोरं. आता त्या भागात सगळ्यांना ही लाइन हवी आहे असं थोडंच आहे! काहींची जमीन जाते, काहींचं जंगल जातं, आणि काहींच्या हातात बंदुका आहेत. मागच्या महिन्यात कँपची जीप जाळली. ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. हे मला फोनवर कसं कळलं माहीत आहे? म्हणे, "अगं आई, काही नाही गं, जीप तशीही खटाराच होती." लाइनीला मंजुरी मिळाली तर हिला सीमेला लागूनच पंपाच्या स्टेशनवर काही वर्षं राहायचं आहे. नाही मिळाली तर कँप उठणार आणि सगळी पोरं बडोद्याच्या ऑफिसात परत. म्हणजे माझ्यासाठी सगळा प्रश्न एवढाच होता. देशाला तेल मिळो न मिळो, माझी पोरगी बडोद्याला यायला हवी होती.

आता दुसरी गोष्ट. मी भाषणं लिहून देते. हसू नका. गॅदरिंगच्या पाहुण्यांपासून सुरुवात झाली, मग सत्कार, मग प्रचार, आणि आता एक खासदार आहेत. इथले नव्हेत, लांबच्या मतदारसंघातले, पण सासुरवाडी इथल्याच नानाखेड्याची, म्हणून येणंजाणं असतं. माणूस वाईट नाही. वाचायचा कंटाळा फार, पण आवाज असा की मागच्या बाकापर्यंत पोचतो. कुणाला काय लिहून दिलं हे मी घरात सांगत नाही, या कामात ते चालतच नाही. लेकीलाही एवढंच माहीत की आई कुणाकुणाचं लिहून देते. तर हे खासदार दुपारी आले, सोफ्यावर बसले, पोहे घेतले, आणि म्हणाले, "मैडम, पाइपलाइन पर सदन में बहस है। पार्टी ने छूट दे दी है, जिसको जो बोलना है बोले।" मी विचारलं, आपण कोणत्या बाजूनं बोलणार? तर शेव चावत म्हणतात, "अभी सोचा नहीं। आप दोनों तरफ का लिख दो। जो दमदार होगा, वही पढ़ दूँगा।"

बाई, मी चहा टेबलावर ठेवायच्या ऐवजी ट्रे धरून तिथेच उभी राहिले. त्यांना वाटलं वयामुळे. "आप बैठिए, बैठिए," म्हणाले आणि स्वतः ट्रे घेतला. त्यांना कुठे माहीत की ह्या सोफ्याच्या वर फोटोत जी मुलगी हसते आहे ती आत्ता त्याच डोंगरात उभी आहे! मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण सांगितलं असतं तर ते नक्की म्हणाले असते, अरे मग तुमच्या मनासारखं बोलतो, त्यात काय. आणि मग ते काय भाषण राहिलं असतं? ती मेहेरबानी झाली असती. मी पोहे अजून वाढू का विचारलं.

तुम्ही आठवलात त्या क्षणी. तुमचा ओटा आठवला. गणपतीतली वादविवाद स्पर्धा आठवते ना? महाराष्ट्र समाजाचा तो हॉल, स्टीलचा डबा, डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. 'बाजूने' की 'विरुद्ध' ते स्टेजवर जायच्या जरा आधीच कळायचं. म्हणून तुम्ही आमच्याकडून दोन्ही बाजू घोटून घ्यायच्या. मी ओट्याजवळ उभी, तुमचं कढईत काहीतरी परतणं चाललेलं, आणि मी जोरात सांगते आहे की मुलींनी सायन्स घ्यावं. तुम्ही उलथन्यानं कढईवर टक् करता. आणि मला त्याच वाक्यात वळून सांगायचं की घेऊ नये. श्वास घ्यायचीसुद्धा परवानगी नाही. "अडखळलीस! परत!" शाळेत दिवसभर हिंदी बोलणारी आम्ही पोरं, आमचं मराठी तसंही लंगडं, त्यात ही कसरत. टक्, इकडे. टक्, तिकडे. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं होतं, पण बाई, खरं काय आहे? तुम्ही म्हणालात, "ते घरी जाऊन ठरव. इथे बोल."

आणि ती रागावणी. मी नववीत. विषय होता आईनं नोकरी करावी की नाही. मला 'विरुद्ध' आलं. मी स्टेजवर जाऊन आमच्या घरची गोष्ट सांगितली, माझी आई शाळेत शिकवायला जायची आणि मी तापात एकटी पडले होते ती. सांगता सांगता मला खरंच रडू आलं. हॉलमधल्या सगळ्या काकवांनी पदर डोळ्यांना लावले. पहिलं बक्षीस मला. तुम्ही मला टावर चौकात साबुदाण्याची खिचडी खायला घेऊन गेलात, मला वाटलं शाबासकी आहे. मी पहिला घास घेतला आणि तुम्ही म्हणालात, "समोरच्या मुलीनं चार मुद्दे मांडले. तुझ्या रडण्याला ती बिचारी काय उत्तर देणार होती? सभेत आपलं दुःख घेऊन जायचं नाही. ते खोटं नसतं गं, पण त्याला कुणी 'चूक' म्हणू शकत नाही, म्हणून ते मुद्दा होत नाही." मी खाली मान घालून खिचडी खाल्ली. ती फार तिखट होती. मला आजही वाटतं तुम्ही जरा जास्तच बोललात, मी लहान होते. पण डोक्यात ते जे बसलं ते बसलं.

तर मी लिहायला बसले. आधी 'विरुद्ध'. म्हटलं, असं लिहीन की सदन हादरेल. आणि पहिलं पान खरंच तसं झालं. एका आईपासून सुरुवात केली, फोनची वाट पाहणारी आई, जळलेली जीप, पत्र्याच्या खोलीत झोपणारी पोरं. आणि मग तुम्ही कढईवर टक् केलंत. शपथ, ऐकू आलं. मी ते पान फाडलं. राहिले ते मुद्दे: शेजारचं सरकार बदललं आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला तर आपण काय करणार, नळी फुटली तर खालच्या नद्यांचं काय, ज्यांच्या जमिनी जातात त्यांना कुणी विचारलं का. सगळे बरोबर, सगळे खरे. पण वाचून पाहिलं तर नुसतं तलाठी ऑफिसचं निवेदन. त्यात माझी लेक नव्हती, आणि तिच्यावाचून त्या भाषणात जीव येईना. चार वेळा लिहिलं. घाबरलेला माणूस काय मुद्दे मांडणार हो? त्याला फक्त "नको, नको" म्हणता येतं.

मग 'बाजूने' लिहायला घेतलं. म्हटलं, हे उरकून टाकू, सपक लिहू, कुणाला कळतंय. पण बाई, तुम्ही आम्हाला हरण्यासाठी बोलायला कधी शिकवलंच नाहीत. आणि मुद्दे शोधायला मला कुठे जावंच लागलं नाही. ते सगळे माझ्या कानात होते. वर्षभर लेक फोनवर तेच तर सांगत होती. "आई, इथल्या घाटात तेलाचे टँकर दरीत पडतात. परवा एक पेटला, ड्रायव्हर आतच होता. नळी असती तर तो माणूस घरी असता." "आई, पावसात रस्ता बंद झाला की इथल्या दवाखान्यात जनरेटरला डिझेल नसतं, बाळंतिणीला टॉर्चच्या उजेडात बाळ होतं." "आई, जमिनीचे पैसे नीट द्या ना, कोण नाही म्हणतं? पण म्हणून नळीच नको?" मी लिहीत गेले. ती बोलत होती आणि मी लिहीत होते. तिचं दुःख नव्हतं त्यात, माझंही नव्हतं. मुद्देच होते, पण कसे! एका बैठकीत झालं. वाचलं आणि अंगावर काटा आला. मी दोन्ही पाकिटं करून नानाखेड्याला पाठवून दिली आणि देवासमोर बसले. देवाला काय मागायचं तेही कळेना. आपलंच लिहिलेलं त्यांना आवडू नये असं मागू?

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "मैडम, विरोध वाला भी ठीक है। लेकिन पक्ष वाले में जान है। ऐसा लगता है जैसे कोई वहाँ रहकर आया है।" मी म्हटलं, "जी।" ते म्हणाले, "वही पढ़ूँगा।" मी परत म्हटलं, "जी।" एवढंच. तुमचा इतका राग आला बाई त्या वेळी! वाटलं, तुमच्या शिस्तीपायी मी माझं ते पहिलं पान फाडलं. रडले असते तर काय झालं असतं? सगळे रडतातच ना सदनात. पण फाडलं ते मीच, तुम्ही थोडंच हात धरला होता.

चर्चा झाली त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसले होते. हे शेजारी, हातात भुईमुगाच्या शेंगा. खासदार उभे राहिले, तो टँकरचा ड्रायव्हर सांगितला, आणि समोरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. बाळंतिणीवर आले तेव्हा विरोधातल्या एक बाई मान हलवायला लागल्या. मी मनात एकेक वाक्य त्यांच्या आधी म्हणत होते. बाकं वाजली. संध्याकाळी मंजुरी मिळाली. हे म्हणाले, "एका भाषणानं असं होत नसतं, ते आधीच ठरलेलं असतं." असेल. ह्यांना कुठे माहीत होतं ते भाषण कुणाचं. मी आत जाऊन कुकर लावला आणि पाणी घालायला विसरले.

मग लेकीचा फोन आला. एवढ्या खुशीत मी तिला कधी ऐकलं नाही. "आई, टीव्ही बघितलास का? एक खासदार बोलले बघ, आम्ही सगळे मोबाइलभोवती जमलो होतो. अगं, अगदी माझ्या मनातलं! तो ड्रायव्हर, तो दवाखाना, जसं काही इथे येऊन बसले होते!" मी हूं हूं करत होते. मग म्हणाली, "आई, आता सांगते, रागवू नको. जीप जळाली ना, तेव्हापासून मी फार घाबरले होते. रोज वाटायचं, मरू दे, कशाला थांबलो आपण इथे. मी सोडायचंच ठरवलं होतं. मंजुरी मिळो न मिळो, ह्या आठवड्यात घरी येणार होते. तुझ्याजवळच राहणार होते थोडे दिवस. पण आज ते भाषण ऐकलं आणि वाटलं, नाही, हे काम करायला हवं. मी थांबते आई. तू पण ऐक ना ते, पाठवते." मी म्हटलं, "थांब बाळा. सांभाळून राहा." आणि भाषणाचं विचारलं तर म्हटलं, मी टीव्ही लावलाच नव्हता.

हे पत्र आता मी फाडणार आहे, ती दिवाळीला आली आणि तिच्या हाती लागलं तर पंचाईत. पण त्याआधी एक सांगून टाकते, तुमच्याखेरीज कुणाला सांगता यायचं नाही. तिनं ते भाषण मला पाठवलं. आज दुपारी हे झोपले होते तेव्हा मी ते एकटीनं परत ऐकलं. लेक आता तिथेच राहणार ही भीती होतीच. आणि तरी बाई, त्या टँकरच्या वाक्यापाशी माझ्या मनात आलं, वा.