बिनशिवणीचे बूट

३ फेब्रुवारी

आज शिवण विभागातून उचलून मला गरम प्रेसवर बसवलं. सुई नाही, दोरा नाही. खेळाच्या बुटाचा वरचा भाग म्हणजे जाळीचं कापड. ते पाटावर पसरायचं, त्यावर पातळ प्लॅस्टिकच्या फिल्मचे कापलेले आकार मांडायचे, वर न चिकटणारा कागद, आणि झाकण खाली. फिल्म वितळून जाळीत मुरते. इतकी वर्षं जिथे मी टाक्यांच्या दोन-दोन ओळी घातल्या, तिथे आता काहीच नाही. आतून बोट फिरवलं. गालासारखं गुळगुळीत.

राग यायला हवा होता. आला नाही. बघतच राहिले.

शिकवणारी मुलगी आधी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, म्हणून सगळे तिला इस्त्रीच म्हणतात. तीही ओ देते.

५ फेब्रुवारी

पहिला तुकडा घाईने उचलला. फिल्म सालीसारखी निघून हातात आली. इस्त्री म्हणाली, “काकू, तव्यावरचं तसंच तोंडात घालता का? निवू द्या की!”

गरम प्रेसनंतर थंड प्रेस असतो. उष्णतेने नुसतं वितळतं. धरतं ते निवताना, दाबाखाली. रद्दीतले कागद, औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरं, मी काही सोडत नाही — पण हे कुठे वाचनात आलं नव्हतं. घरी येताना वाटलं, ह्यांना सांगायचं. जिन्यापर्यंत वाटत राहिलं, मग भिंतीवरचा हार घातलेला फोटो आठवला.

६ फेब्रुवारी

सासूबाई आजही गॅलरीपर्यंतच.

८ फेब्रुवारी

भाऊजी आले होते. “वहिनी, तुम्ही दिवसभर कामावर. आई दुसऱ्या मजल्यावर एकटी. काही झालं तर ती उतरणार कशी?”

खोटं नाही. जिन्यात चप्पल निसटून पडल्या, तेव्हापासून सासूबाई खाली गेलेल्या नाहीत. बूट घालावेत तर अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं. आतली शिवण नेमकी तिथे घासते आणि कातडं सोलतं. बावीस तारखेला बॅग घेऊन येतो, आईला घेऊन जातो, असं सांगून भाऊजी गेले. सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर केली नाही.

त्या गेल्या तर ह्यांच्या लहानपणचं सांगणारं घरात कोणी उरणार नाही. ह्यांचं शिंकणं हुबेहूब करून दाखवतात त्या.

१० फेब्रुवारी

साहेबांना विचारलं — टाकाऊ जाळीतून एक जोडी करू? जेवणाच्या सुट्टीत? “करा. कंपनीचं चिन्ह तेवढं लावू नका.”

संध्याकाळी कागदावर सासूबाईंचा पाय आखून घेतला. “गुदगुल्या करू नकोस. आणि हे कशाला?” सांगितलं, बूट करतेय. त्यांनी पाय ओढून लुगड्याखाली घेतला.

१३ फेब्रुवारी

इस्त्रीचं डोकं! पायाचा आराखडा उलटसुलट बघितला आणि म्हणाली, “हाडावर खिडकी ठेवू.” फिल्म असते तिथे जाळी ताठ राहते, नसते तिथे ताणते. म्हणजे टाचेला आणि कडेला फिल्म, हाडावर नुसती जाळी. ज्याने हे पहिल्यांदा शोधलं त्याच्या घरीही कोणाचा तरी पाय दुखत असणार.

मग पट्टी ओढून पाहायची परीक्षा. दोन्ही टोकं धरून मी सगळा जोर लावला. जाळी टरकन फाटली, जोड सुटला नाही. “पास,” इस्त्री म्हणाली. मी तो फाटका तुकडा पदरात बांधून आणला. कशाला, ते माहीत नाही.

१४ फेब्रुवारी

वरचा भाग पायाच्या साच्यावर चढवून झाला. तळ बसवणाऱ्याने गोंद तापवून तळही बसवून दिले. “धावायला कोण जाणार, काकू?” म्हटलं, सासूबाई. “मग तुम्ही आत्तापासूनच पळायला लागा, मागे लागतील.”

१६ फेब्रुवारी

सासूबाईंना बूट दाखवले. हातात घेऊन त्यांनी आत बोट घातलं, बराच वेळ फिरवलं. शिवण शोधत होत्या. मला वाटलं, जिंकले. त्यांनी बूट पलंगाखाली सरकवले. “मी काय शर्यतीत उतरणार आहे?”

१७ फेब्रुवारी

पलंगाखालीच.

१९ फेब्रुवारी

घालून तरी बघा म्हटलं. “तुला भारी घाई झालीय.” कसली घाई? जेवणात मीठ नव्हतं. दोघींनी ते तसंच संपवलं.

आयुष्यात केलेली सगळ्यात चांगली वस्तू, आणि ती पलंगाखाली धूळ खातेय.

२१ फेब्रुवारी

आज शेवटी चिडून विचारलं, “आई, चावतात का ते बूट?”

“न चावायला काय झालं. नवे बूट कोणाला देतात? ज्याला वाटेला लावायचं त्याला. मला जिना उतरता यायला लागला की तू मोकळी. माप घेतलंस तेव्हाच मी ओळखलं.”

म्हणजे मी त्यांना ठेवून घ्यायला धडपडतेय आणि त्या समजतायत की मी पाठवणी करतेय! म्हटलं, “उतरता येत नाही म्हणूनच नेतायत तुम्हाला. तुम्ही गेलात तर ह्यांचं शिंकणं मला कोण करून दाखवणार?”

त्यांनी पदर नाकाशी नेला. मग शिंकल्या. ह्यांच्यासारख्या. दोघी हसलो.

बूट मात्र घातले नाहीत.

२२ फेब्रुवारी

गिरणीतून पीठ घेऊन मागच्या जिन्याने वर आले तर दार नुसतं लोटलेलं, पलंगाखाली काही नाही. गॅलरीतून वाकून पाहिलं. सासूबाई खाली फाटकाशी उभ्या, पायात माझे बूट. समोर भाऊजी, तोंड उघडं टाकून. त्यांच्या हातातली रिकामी बॅग सासूबाईंनी काढून घेतली आणि पुन्हा गाडीत ठेवली. “वर चल, चहा घे. ही बॅग वर नको आणूस, घरात तिला जागा नाही.”