सायंकाळी सहाची चाचणी जुन्या चॅनेलवर चालू ठेवणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
आपत्कालीन संपर्क केंद्र,
मॉर्लंड काउंटी, पेनसिल्व्हेनिया

विषय : दि. १ मे पासून बंद होणाऱ्या जुन्या चॅनेलवर रोजची एक मिनिटाची चाचणी राहू देणेबाबत. ते शक्य नसल्यास पर्यायी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. २१ मार्चचे पत्र. (“जुनी यंत्रे टाकून नवीन घ्यावीत.”)

महोदय,

१. मी खाली सही करणार क्लेटन युरिक, वय ७४, खाणीतील निवृत्त विद्युत कामगार. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, शुक्रवारी बटाट्याच्या सारणाचे पिएरोगी विकतात, तेव्हा मागच्या भिंतीशी जुन्या सामानाची टेबले मांडलेली असतात. तेथून, तसेच लोकांच्या तळघरांतून, मी बंद पडलेले स्कॅनर, म्हणजे आपल्या केंद्राचे बोलणे ऐकण्याचे रेडिओ, आणतो. कंडेन्सर बदलतो, तारांचे तुटलेले डाग पुन्हा देतो आणि आपल्या चॅनेलचे क्रिस्टल बसवतो. पत्नी व्हर्ना वारल्यापासून नऊ वर्षे हाच उद्योग आहे. या यंत्रावर फक्त ऐकता येते, बोलता येत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच.

२. असे सहा स्कॅनर मी आमच्या खोऱ्यातील सहा घरांत बसवून दिले. सहाही घरांत एकेकच माणूस राहते. आपल्या केंद्रातील बाई रोज सायंकाळी सहाला चाचणीची घंटी वाजवून वेळ सांगत. चाचणी झाली की मी पहिल्या घरच्या एमरी ड्रोझ्डा यांना फोन करून विचारायचो, “आलं का?” ते म्हणायचे, “आलं,” आणि पुढच्या घरी फोन करायचे. सर्वांत शेवटी श्रीमती ओर्फा हॅलिगन मला फोन करायच्या. “क्लेट, आलं रे. खणखणीत आलं. जेवलास का?” एखाद्याने फोन उचलला नाही, तर शेजारचा किल्ली घेऊन जायचा. यंत्रे नीट चालतात का हे पाहणे, एवढाच याचा उद्देश होता. निदान आम्ही तसे म्हणत असू.

३. सोमवार, दि. ३ मार्चपासून आपण नवी यंत्रणा आठवडाभर चालवून पाहिली आणि जुने चॅनेल मुके ठेवले. आम्हांस कोणी कळवले नाही. आवाज नाही म्हणजे बिघाड आपल्याच यंत्रात, अशी माझी चाळीस वर्षांची सवय आहे. मंगळवारी मी गाडी काढून सहाही स्कॅनर गोळा करून आणले. ओर्फाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “तुझ्या डब्याला काही झालेलं नाही. ती बाईच गप्प बसलीय. राहू दे इथंच, तेवढाच दिवा लुकलुकतो.” मी ऐकले नाही. घरी आणून सहाही उघडले आणि चांगले कंडेन्सर काढून दुसरे बसवले.

४. बुधवारी दुपारी ओर्फाबाई स्वयंपाकघरात पडल्या. गुरुवारी टपालवाल्या बाईंना त्या सापडल्या. मांडीचे हाड मोडले आहे. आता त्या वृद्धनिवासात असून तेथून परत येणार नाहीत, असे त्यांच्या मुलाने ॲरिझोनाहून कळवले.

५. याचा दोष मी आपल्या कार्यालयावर ठेवत नाही. फोन चालू होता. मी तो करू शकत होतो. परंतु चाचणी झालेली नसताना फोन करून काय बोलायचे, हे मला सुचले नाही. एमरीलाही सुचले नाही. मला याची फार शरम वाटते आणि ती कोणत्या रकान्यात लिहावी हे न समजल्याने येथे लिहीत आहे.

६. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता एक तरुण गृहस्थ म्हणाले, “आजोबा, ती चाचणी आमच्या माणसांसाठी असते, तुमच्यासाठी नव्हे.” ते बरोबर आहे. नवीन यंत्र घेतले तरी आपले बोलणे आता कुलूपबंद असल्याने ऐकू येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे आपल्या दि. २१ च्या पत्राप्रमाणे वागूनही उपयोग नाही.

७. तरी विनंती की, जुन्या चॅनेलवर दिवसातून एक मिनिट चाचणी व्हावी. वेळ सांगणे जड जात असल्यास नुसती घंटी चालेल.

८. तेही जमत नसल्यास, सोबतच्या यादीतील व्यक्तींनी रोज सायंकाळी सहाला अनुक्रमे एकमेकांस फोन करून चाचणी ऐकू आली नसल्याची खात्री करावी, असा लेखी आदेश आपल्या सही-शिक्क्यानिशी काढावा. आदेश असला म्हणजे फोन का केला, हे कोणाला सांगावे लागणार नाही. आमच्यापैकी कोणीही विनाकारण फोन करणाऱ्यांतला नाही.

९. यादीत शेवटच्या व्यक्तीने अर्जदारास फोन करावा, असे कृपया स्पष्ट लिहावे. ती जागा सध्या रिकामी आहे.

आपला नम्र,
क्लेटन युरिक
टॅनरी रोड, मॉर्लंड काउंटी
दि. ७ एप्रिल २०१४

सोबत :
१) पाच व्यक्तींची क्रमवार यादी, फोन नंबरांसह.
२) श्रीमती हॅलिगन यांचा स्कॅनर, दुरुस्त केलेला. वृद्धनिवासात बाहेरची विजेची यंत्रे ठेवू देत नाहीत. आपल्या केंद्रात कोठेही ठेवावा. फक्त दिवा चालू असू द्यावा.

ता. क. : सहा ते सव्वासहा मी फोनपाशीच असतो.