मुठीतला हात

माय, तू गेलीस त्याला जमाना लोटला आणि तुला वाचताही येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. मी धुळ्यात मुलाकडे असतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. मुलगा नरडाण्याला कंपनीत, सूनबाई दवाखान्यात. दिवसभर घरात मी आणि नात. पाच सरून तिला सहावं लागलं, अजून ‘अ’ धड येत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, घाई नको, आधी बोटांत बळ येऊ द्या; कणीक मळू द्या, कागद फाडू द्या, दोरीवर चिमटे लावू द्या. सूनबाई जाताना बजावते, "आबा, पेन्सिल नका देऊ हं." मी मान हलवतो. पण चिमटे लावून कोण लिहायला शिकलंय? चौथीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. हिचंही तसंच झालं तर?

म्हणून दोघं गेली की मी पेन्सिल काढतो आणि तिची मूठ माझ्या मुठीत धरून गिरवून घेतो. काल ती म्हणाली, "आबा, माझा हात मला दे ना." मी म्हटलं, "एवढी ओळ होऊ दे." ओळ झाली तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती. आज सूनबाईमागे दार लागल्याचा आवाज आला आणि तिने दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले. ती कुठे पळणार? मी तरी कुठे जाणार? दोन खोल्यांत आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

तेव्हा कापसाचं शेत आठवलं. माझ्या कमरेला ओटी बांधलेली. मी बोंड मुठीत धरून ओरबाडतो, बोट टोचतं, कापसाबरोबर वाळका पालाही येतो. सगळा कचराच घेऊन आलो म्हणून तू ओटीत डोकावून ओरडतेस, "बठ्ठा कचरा लई उना रे!" मग माझी मूठ उघडतेस, तीन बोटं पुढे करतेस. "जोर नको लाऊ, भाऊ. कापूस आपोआप येस." आणि माझा हात सोडून पुढे निघून जातेस. मागे वळूनही बघत नाहीस.

मी देवघरातला कापूस आणून नातीसमोर ठेवला, एक वात वळून दाखवली. बऱ्याच वेळाने एक हात फ्रॉकखालून बाहेर आला आणि तीन बोटांनी कापूस चिमटला. दुसरा आतच राहिला. मी माझे हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

हे कुठे पाठवायचं नाही. घडी घालायला कागद उलटला, तर मागच्या बाजूला अक्षर अन् अक्षर फुगून उठलंय. अजून जोरच लावतो मी, माय.