काका हळू बोलले

इंदूर, मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२

पाय दुखताहेत, लिहायचाही कंटाळा आलाय. पण डोक्यातून जात नाहीये.

वसंतकाका आजही वाचनालयात शिरता शिरताच ओरडले, "काय ताई, सब बढिया?" त्यांची कापड मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज अजून मागांच्या खडखडाटावर चढलेलाच. रोज मी म्हणते, काका, हळू. रोज ते कानाला हात लावतात आणि पुन्हा तेच.

वाचनालयाच्या नव्या कॉम्प्युटरवर मला परदेशातल्या कुठल्याशा म्युझियमची साइट सापडली होती. जुनी कापड मिल त्यांनी पडद्यावर उभी केलीय. बाणाची बटणं दाबत आत हिंडायचं, तेही फुकट. म्हटलं काकांना दाखवू, खूश होतील. हौस माझीच!

इंटरनेटची लाइन दोनदा तुटली. मग माग दिसले, ओळीनं, चालू. काका खुर्चीत पुढे सरकले.

"आवाज कुठाय?"

"आपल्याकडे स्पीकर नाहीये काका."

ते बघत राहिले. मग शेजारच्या टेबलालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "माग चालू असताना इतकी शांतता नसते, ताई. आमचं मागाचं खातं बंद झालं ना, त्या दिवशी होती."

पिशवी उचलून गेले. पेपरही वाचला नाही.

का दाखवलं मी? त्यांनी हळू बोलावं, हेच तर मला हवं होतं ना?

उद्या दारातून ओरडले तर मी काही म्हणणार नाही. ओरडले तर.