एकाच टिपेत सगळा लॉट

६ मार्च
फोरमन महिन्याअखेर रिटायर होणार. त्यांच्या जागी माझ्याशिवाय आहे कोण? तरी साहेबांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करायला हवं. नेमके कडक कोटिंगचे शाफ्ट माझ्याच लेथवर आलेत. त्यांना मापात आणताना कापायची टिप बघता बघता झिजते. बाकीचे घाबरून सारखी बदलतात. मी बदलणार नाही.

७ मार्च
टिप झिजली की शाफ्ट जरा जाड निघतो. मग टिप तेवढी पुढे सरकवायची, झालं. एवढी साधी गोष्ट लोकांना सुचत कशी नाही?

८ मार्च, दुपार
मशीन किंचाळतंय. शेजारचा लेथवाला म्हणाला, टिप बदला. त्याला सांगितलं, हा बेअरिंगचा आवाज. मेंटेनन्सकडे तक्रार केली.

९ मार्च
बेअरिंग ठणठणीत आहे म्हणे. या लोकांना कामच नको. शाफ्ट एका टोकाला बरोबर, दुसऱ्या टोकाला जाड. जाडी मोजायचा मायक्रोमीटर बिघडला असणार. तपासणीला मेहुणाच बसतो, बायकोचा सख्खा भाऊ, त्यामुळे काळजी नाही.

१० मार्च
मेहुण्याने सगळा लॉट परत पाठवला. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा! बायकोच्या कानावर घातलं. ती म्हणाली, तो लहानपणापासून खरं तेच बोलतो. माझ्या बाजूने काही ऐकायला मिळेल म्हणून मी थांबलो. ती भांडी घासायला गेली.

११ मार्च
परत आलेल्या सगळ्या शाफ्टवर त्याच टिपेने पुन्हा हात फिरवला. कोटिंगचे पापुद्रे निघाले. शेवटी टिपही तुटली. कोटिंगवाल्यांचा माल हलका, तसं साहेबांना कळवलं. साहेबांनी तुटलेली टिप मागवून घेतली. एवढी चाललेली टिप त्यांनीही कधी पाहिली नसेल.

१४ मार्च
साहेबांचा निरोप, उद्या केबिनमध्ये या. चांगला शर्ट इस्त्री करून ठेवला. बायकोला म्हटलं, फोरमनच्या घरच्यासारखं वागायची सवय कर.

१५ मार्च
लॉट भंगारात गेला. फोरमन मेहुणा होणार. केबिनबाहेर तो खाली बघत म्हणाला, "भाऊजी, उद्यापासून टूल स्टोअरला बसा. कोणी टिप मागितली की द्यायची. का म्हणून विचारायचं नाही."

१६ मार्च
दिवसभर टिपा दिल्या. माझा लेथ आता शेजारच्या लेथवाल्याकडे; तो त्यासाठी नवी टिप मागायला आला. दिली. फार वाईट वाटलं.