जेवणानंतरची गोळी

३ जून, मंगळवार
आई रोज गोळी घेते, तरी रक्तातले एचआयव्हीचे विषाणू वाढले कसे? डॉक्टरांनी विचारलं, मी नुसती फाईल चाळत राहिले. घरातली पहिली पदवीधर मी, तीही बी.एस्सी. गेल्या वर्षी रिपोर्ट चांगला होता. आता तीन महिने एकही गोळी चुकवायची नाही, मग पुन्हा तपासणी. तेव्हाही असंच आलं तर औषध बदलावं लागेल. परतताना बसमध्ये येलवालचा थांबा येईपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती.

५ जून
डबीतल्या गोळ्या मोजल्या. गेल्या महिन्याच्या नऊ उरलेल्या. आई खोटं बोलत नव्हती. म्हणाली, "जेवणानंतर घ्यायची म्हणाले होते ना गं? जेवलेच नाही तर कशी घेणार?"
सोमवार, एकादशी उपवास. शिवाय आमच्याबरोबर राहणाऱ्या काकांची सिटी बसवर उशिराची पाळी असली की त्यांची वाट बघत तशीच झोपते. घरातला पुरुष जेवल्याशिवाय आमच्यात बाई ताट घेत नाही. पणजोबा पलटणीबरोबर या कानडी मुलखात आले, तेव्हापासूनची रीत. पलटण केव्हाच गेली.

९ जून, सोमवार
दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना फोन केला. ही गोळी उपाशीपोटीही चालते, फक्त रोज ठरल्या वेळी. आम्ही रात्रीचे आठ ठरवले. आज उपवासातच पाण्याबरोबर घेतली. आधी देवापुढे काहीतरी पुटपुटली. बहुतेक माफी.
"आधी सांगायचं की!" आई मला म्हणाली.
खरंच. तीन वर्षं डबी आणून दिली, कधी घेतेस ते विचारलं नाही.

२ जुलै
तीन आठवडे एकही चुकली नाही! मग काल. काकांची या आठवड्यात सकाळची पाळी, नेमके आठला ते जेवायला बसलेले. मोबाइलचा गजर वाजला. काका हसून म्हणाले, "काय वहिनी, डेपोत ड्यूटी लागली का?" आईही हसली, गजर बंद केला, चपात्या लाटत राहिली. गोळी राहिली. लक्षात आल्यावर लगेच घ्यायची, एवढंही मी तिला सांगितलं नव्हतं.
काकांना सांगू या म्हटलं. बाबा टीबीनं गेले, एवढंच त्यांना माहीत. आई म्हणाली, घर त्यांच्या नावावर आहे, तुझं लग्न व्हायचंय.
लग्नाचं राहू दे. पण घराचं…

१९ जुलै
काका पुन्हा सकाळच्या पाळीवर. रोज आठला मी काहीतरी निमित्त काढून आईला मागच्या अंगणात बोलावते. काल शेजारीण येऊन बसली, तासभर उशीर. असं किती दिवस जमणार?
आज कणीक मळता मळता आईच म्हणाली, "सांग बाई त्यांना. मी तोंड उघडलं की शब्द येत नाही."

२१ जुलै, सोमवार
आठला गजर झाला. काका जेवत होते. आई उठायला लागली तशी म्हणाले, "कूत्कोळ्ळी वहिनी, बसा," आणि उष्टा हात तसाच ठेवून, डाव्या हातात तांब्या घेऊन पाणी आणलं. तिच्याकडे बघितलं नाही. आईनं त्यांच्यासमोर गोळी गिळली. मग ते पुन्हा जेवायला बसले.  त्यांच्या मनात काय आहे, अजून कळत नाही. सप्टेंबरात रक्त द्यायचं, काय येईल तेही नाही.
काल दुपारी आईला शेजारी बसवून मी काकांना सगळं सांगितलं. बाबांचंही.