डबी माझ्या पिशवीत आहे

सूनबाई,

तुझा फोन लागत नाही. छकुलीला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चालले आहे. सकाळपासून तिचे हात थरथरताहेत, दूधही ओढत नाही.

तुझी ती गोरं व्हायची क्रीम तीन आठवडे मी तिच्या अंगाला चोळत होते. "आई, ती कातडीतून रक्तात जाते, पोरीला लावू नका," असं तू बजावलं होतंस. "कातडी म्हणजे काय पिठाची चाळण आहे?" म्हणून मीच तुझं तोंड बंद केलं.

डॉक्टरीणबाईंनी आता फोनवर विचारलं, अंगाला काय लावता? मी म्हटलं, नुसतं तेल.

डबी माझ्या पिशवीच्या तळाशी आहे. दवाखान्यात खरं सांगायला माझी जीभ उचलेल असं वाटत नाही. तू पोचलीस की आधी पिशवी हिसकाव, डबी डॉक्टरीणबाईंच्या हातात दे, मग पोरीला घे.